संकलकाचा आवाज

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कानाला हेडफोन लावून त्यांचाच आवाज पुसत बसले होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमचं कामच तसं. गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या, प्रत्येक ओळ संगणकात भरायची आणि कुठली ओळ कुठल्या गावात सापडते ते त्याच्याकडून शोधून घ्यायचं. त्याआधी रेकॉर्डिंग साफ करायचं. पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि संकलकाचा, म्हणजे ताईंचा, आवाज काढून टाकायचा. नियम त्यांचाच. "गाणं त्या बायकांचं आहे. माझं हं-हं ऐकायला कोण येणार? नवऱ्यानं आयुष्यभर ऐकलं नाही," असं त्या कोरडेपणानं म्हणायच्या.

कोथरूडच्या आमच्या खोलीत पडद्यावर पहिल्यांदा नकाशा उमटला आणि एकच ओळ केवढ्या लांबच्या गावांत पोचलेली दिसली, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. ताई चष्मा वर करून बघत राहिल्या. "अहो, ओळी कसल्या फिरतात? लेकी दिल्यात त्या गावांना..." एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक बाईला माहेर विचारू लागल्या आणि आमचं काम दुप्पट झालं. मी फार वैतागले होते. आता त्या नाहीत, काम तेवढंच आहे, आणि खरं सांगायचं तर संगणक उघडायचंच जिवावर येतं.

परवा धायरीचं रेकॉर्डिंग साफ करायला घेतलं. जातं आता कुठलं. हिराबाई मुलाच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून गात होत्या. मध्येच अडखळल्या. "म्होरलं आठवंना बाई." आणि ताईंनी हलक्या गळ्यानं एक ओळ म्हटली. भावाची वाट बघणाऱ्या बहिणीची. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं.

"ही कुठली गं? आमच्यात न्हाय ही."

"माझ्या आईची. तुम्ही म्हणा पुढे."

ती ओळ मी संगणकाला शोधायला लावली. अख्ख्या संग्रहात कुठेही नव्हती. ताईंचा आवाज पुसला तर तीही जाणार होती. रडू आलं ते तेव्हा, अंत्यदर्शनाला नाही. मग नोंदीत हिराबाईंच्या नावाच्या खाली, गायिका म्हणून, ताईंचं नाव घातलं. संकलकाचा आवाज पुसतात, गाणाऱ्या बाईचा नाही.

ताई चिडल्या असत्या, मला ठाऊक आहे. चिडायला त्या हव्या होत्या.