ओढ्याकाठच्या दोन खुणा

आमच्या ह्यांना धबधब्यांचं वेड आहे आणि मला घराचं. लग्नानंतर हर्सूलच्या आसपास आम्ही तीन घरं बदलली, तिन्ही भाड्याची. त्यामुळे कुठे फिरायला निघालो की हे पाणी शोधतात आणि मी सपाट दगड. डोंगरात, देवळाच्या मागे, जिथे दिसतील तिथे दगडावर दगड रचायचे आणि मनातल्या मनात घर मागायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, वर्गात असल्या गोष्टींचा चकार शब्द काढत नाही. पण डोंगरात गेले की हात शिवशिवतात, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी श्रावण सरत आला होता. रविवारी सकाळी मोटारसायकलवर निघालो, फुलंब्रीला चहा घेतला आणि फर्दापूरच्या अलीकडे डोंगरात शिरणाऱ्या एका कच्च्या रस्त्याला वळलो. लेण्यांची गर्दी ह्यांना नको होती. या दरीतही धबधबे आहेत, कोरायला घेऊन अर्धवट सोडलेल्या दोन-तीन गुहा आहेत आणि कुणी येत नाही, असं यांना कार्यालयातल्या कुणीतरी सांगितलं होतं. पायथ्याच्या टपरीवाल्याने आमच्याकडे नीट बघून घेतलं.

"वर पठारावर पाऊस लई हाय," तो म्हणाला. "पानी लाल दिसलं की माघारी फिरा. फोटू काढत बसू नका."

"इथं तर ऊन पडलंय," हे म्हणाले.

"म्हनून तर सांगायलो."

हे हसले. मला मात्र त्याचं बोलणं आवडलं नाही. वाट सुरू झाली तरी ते डोक्यातून जाईना.

दरी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. दोन्ही अंगांनी काळे कडे, वरून पाण्याच्या पाच-सहा धारा आणि तळाशी ओढा. ओढ्याचं पात्र सगळं खडकाचं. त्या खडकात पाण्याने कोरून काढलेले खोल खड्डे होते, एकेक विहिरीएवढा. पाणी नितळ होतं म्हणून ते दिसत होते. त्यांच्या तळाशी नुसता काळोख. मी एकात दगड टाकला, तो कधी टेकला ते कळलंच नाही. मग मी काठापासून लांबून चालायला लागले.

चालता चालता आणखी एक गोष्ट मनाला खटकली. एवढं हिरवंगार रान, पण पाखराचा आवाज नाही. यांना म्हटलं, तर म्हणाले, "धबधब्याच्या आवाजात तुला काय ऐकू येणार?" आमच्या घरात माझ्या प्रत्येक शंकेला उत्तर तयार असतं.

एका गुहेच्या तोंडाशी बसून डबा खाल्ला. आत वटवाघळांचा उग्र वास होता. भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच राहिलेले. काम अर्ध्यावर टाकून माणसं का गेली असतील, असा विचार आला आणि तिथे जास्त वेळ बसवेना. हे फोटो काढायला पुढच्या धबधब्याकडे गेले. मी खाली ओढ्याकाठी आले.

तिथे कुणीतरी आधीच दगडांच्या दोन उतरंडी रचलेल्या होत्या. पाण्यापासून हातभर अंतरावर एक आणि मागे चढावर, गवतात, दुसरी. मला बरं वाटलं. या कोपऱ्यातही घर मागणारी माणसं येऊन गेली म्हणायची. वरच्या उतरंडीचे दगड फार सुरेख होते, पाट्यासारखे सपाट. ज्याने रचले त्याचं मागणं मागून झालं, आता त्याला त्यांचा काय उपयोग, असं स्वतःला समजावत मी त्यातले वरचे सहा-सात दगड उचलून आणले. खालच्या उतरंडीच्या मागे, थोडं डावीकडे, आसपासचे आणखी दगड घालून माझं घर रचलं. कमरेएवढं झालं. आजवरचं सगळ्यात मोठं. हात जोडले, डोळे मिटले आणि अगदी सविस्तर मागितलं, स्वयंपाकघराच्या खिडकीसकट.

डोळे उघडले तेव्हा ओढ्याचा आवाज बदललेला होता. पाणी फार वाढलं नव्हतं, पण गढूळ झालं होतं. काड्या, पाला, एक अख्खी फांदी वाहत आली. बघता बघता पाणी वीटकरी झालं आणि मघाचे ते काळे खड्डे दिसेनासे झाले. पलीकडून घंटीचा आवाज आला. समोरच्या गुहेतून एक धनगर शेळ्या घेऊन उतरत होता. पुढे घंटी बांधलेला बोकड, मागे तो आणि त्याच्या मागे वीस-पंचवीस शेळ्या.

तो काठाला थांबला, आमच्या बाजूला नीट निरखून पाहिलं आणि पाण्यात उतरला. मला वाटलं, रोजचा माणूस आहे, त्याला काय सांगायचं. गुडघाभर पाण्यातून तो सावकाश येत होता. ओढ्याच्या मध्यावर बोकडाने एक पाऊल पुढे टाकलं आणि तो गेला. धडपड नाही, ओरडणं नाही. घंटीचा आवाज मध्येच तुटला, एवढंच.

शेळ्या बुजून गुहेकडे पळाल्या. माणूस जागच्या जागी उभा राहिला. काठीने पुढे चाचपलं, काठी पूर्ण आत गेली. डावीकडे चाचपलं, तिकडेही गेली. पाणी त्याच्या मांडीला लागलं होतं.

माझ्या मागून एक बाई धावत आली. डोक्यावरचं भाकरीचं गाठोडं तिने तिथेच टाकलं.

"आवं, हालू नका! तिथंच थांबा!" ती पलीकडे ओरडली. मग तिची नजर चढावर गेली, तिथून खाली आली आणि माझ्या घरावर थांबली.

"हे कुनी रचलं?"

मी गप्प राहिले. दोन क्षण असतील, पण राहिले. मग म्हणाले, "मी."

"वरची खून कुटं हाय?"

मला तेव्हा कळलं. पाणी गढूळ झालं की धनगर त्या दोन उतरंडी एका रेषेत धरून ओढा उतरतात. ती रेष सुटली नाही तर पाय खड्ड्यात पडत नाही. वरची खूण मी उचलून आणली होती. त्याला पलीकडून दोनच दिसल्या, खालची आणि माझी, आणि त्या दोन एका रेषेत धरून तो निघाला होता. मला हे तिने समजावून सांगितलं नाही, तेवढा वेळच नव्हता. तिने माझं घर एका लाथेत पाडलं. एवढ्यात पाण्याची लाट आली आणि खालची उतरंडही वाहून गेली.

"ताई, खालची खून हुती तितं उभ्या ऱ्हावा. म्या वर ऱ्हाती. काय बी झालं तरी हालायचं नाय."

मी पाण्यात उभी राहिले. ती चढावर गेली, उरल्यासुरल्या दगडांपाशी उभी राहून तिने दोन्ही हात वर केले. "बायांच्या रेषंनं या!" ती ओरडली. "दगडाकडं बगू नका, बायांकडं बगा!"

त्याने ऐकलं. आधी आडवा सरकत सरकत, काठीने खडक शोधत, तो आमच्या रेषेत आला. मग एकेक पाऊल. पाणी माझ्या घोट्याला होतं, ते पोटरीला आलं. पायाखालची वाळू सरकत होती. हे धावत येऊन काठावरून "वर ये, वर ये" म्हणत होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत चालत होता आणि मला वाटत होतं, आपण नुसती मान हलवली तरी हा बुडेल. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि तेवढी लाजही.

पाणी त्याच्या कमरेला लागलं तेव्हा तो माझ्यापासून चार हातांवर होता. यांनी पुढे होऊन त्याला ओढून घेतलं. आम्ही सगळे चढावर आलो. मागे ओढ्याने माझी उभी राहायची जागा गिळली.

तो बराच वेळ नुसता धापा टाकत बसला. साठीचा असेल. मग त्याने माझ्यासमोर हात जोडले.

"तुमी उभ्या ऱ्हायल्या म्हनून आलो, ताई," तो म्हणाला. "पोरांना सांगीन, एक बाई देवावानी उभी व्हती."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, मी बोलायची. तिने तोंड उघडलं नाही, ते माझ्यावर सोडलं होतं.

"ह्या डाव्या अंगाला खड्डा कसा आला, कळंना," तो बायकोला म्हणाला. "दोन वर्सं झाली, हितनंच येतो. मलाच आता दिसंना झालंय का काय? उद्यापासनं शेरडं तू घिऊन जात जा. माजा भरवसा ऱ्हायला नाय."

ती अजूनही माझ्याकडेच बघत होती. मी खाली वाकले, तिचं भाकरीचं गाठोडं उचललं, त्याची माती झटकली आणि तिच्या हातात दिलं. आणि यांना म्हटलं, "चला, उशीर होतोय."