पट्टी कोणी उतरवली

नाताळ उलटून गेल्यावर आमच्या चर्चमधली गाणी उठेनाशी झाली. गाणं उठणं म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. तिसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरच्या बायकाही गीतांच्या पुस्तकातून मान वर काढतात, पुरुषांचे आवाज खालून येऊन मिळतात आणि पुढे उभं राहून गाणाऱ्याला एकदम हलकं वाटतं. तसं काही होत नव्हतं. लोक गात होते, पण सरकारी कचेरीत रांगेला उभे असल्यासारखे. माझा गळा तर छान चालला होता. डिसेंबरात सर्दीने बसला होता, तो आता मोकळा झाला होता. मग बिघडलं कुठे?

नाशिकच्या या चर्चमधल्या संगीताची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा एक पेटी, एक ढोलकी आणि मी, एवढाच सरंजाम होता. मी शाळेत मराठी शिकवायचे. आठवडाभर वर्गात घसा ताणायचा आणि शनिवारी संध्याकाळी सराव घ्यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे कीबोर्ड आला, गिटार आली, माइक आले आणि आमच्या गायनवृंदाला सगळे वर्शिप टीम म्हणायला लागले. कीबोर्ड वाजवणारा ओझरच्या विमान कारखान्यात कामाला आहे. मिसरूड फुटायच्या आधी त्याला पेटीवर मीच बसवलं होतं. दोन मुलांचा बाप झाला तरी माझ्यासमोर अजून पाय सरळ सोडून बसत नाही. त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचे, आणि नेमका त्याचाच मला संशय यायला लागला.

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. एका शनिवारी मी वेळेच्या आधी पोचले. आत बोलण्याचे आवाज येत होते. मी दारात दिसले आणि सगळे गप्प झाले. कीबोर्डवाला उगाच वायर गुंडाळायला लागला. गिटारवाला मोबाइल बघू लागला. सुरगाण्याकडून आलेली एक मुलगी टीममध्ये नवीन होती, एका खासगी दवाखान्यात नर्स. तिने तेवढं वर बघून म्हटलं, "सलाम, बाई." बाकीच्यांनी तिच्या मागोमाग सलाम केला.

"काय चाललं होतं?" मी विचारलं.

"काही नाही ताई, असंच," कीबोर्डवाला म्हणाला.

शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला 'असंच' म्हणजे काय ते कळतं.

त्यानंतर माझं लक्ष सगळीकडे जायला लागलं. कीबोर्डवर ठेवलेला त्याचा फोन उजळला, तर त्यावर आमच्या टीमच्या ग्रुपचं नाव होतं, पण पुढे 'सराव' असा एक शब्द जास्त. त्या नावाचा ग्रुप माझ्या फोनवर नव्हता. त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी मला उपासनेनंतर थांबवलं. ते आमच्याकडे नवीनच बदलून आले होते. चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनी आता मार्गदर्शन करायला हवं."

मार्गदर्शन हा शब्द मी शाळेत पुष्कळ ऐकला आहे. निवृत्तीच्या समारंभात नारळ आणि शालीबरोबर देतात तो.

मी मनात जुळवाजुळव सुरू केली. नव्या मुलीचा आवाज जाड आणि खालचा होता. मुळात चांगला, कच्च्या विटेसारखा, भाजायचा राहिलेला. कीबोर्डवाला तिला दोन-दोन ओळी एकटीला द्यायला लागला होता. माइक सांभाळणारा तिचा माइक माझ्या शेजारी आणून ठेवायचा. सराव संपला की तोच मोटरसायकलवरून तिला होस्टेलपर्यंत सोडायचा. होस्टेल त्याच्याच वाटेवर होतं, तरी मला ते डोळ्यात सलायचं. मला बाजूला करून तिला पुढे आणायचं ठरलं होतं, आणि पाळकांचा त्याला आशीर्वाद होता. याहून वेगळं काय असणार?

पुरावा मिळाला तो गिटारीवर. गिटारवाला आपल्या गिटारीच्या मानेवर एक चाप लावतो, त्याला कॅपो म्हणतात. चाप जितका वरच्या घरात, तितका सूर वर. आमच्या सुरुवातीच्या गीतासाठी त्याचा चाप कायम पाचव्या घरात असायचा. एका सरावात मी गाता गाता सहज पाहिलं, तर तो तिसऱ्या घरात होता. म्हणजे पट्टी उतरवलेली होती. फोनवर सराव रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मिस्टर झोपल्यावर, खोलीचं दार लावून घरची पेटी काढली. गेली कित्येक वर्षं ते गीत आम्ही पांढरी पाचमध्ये गातो. पांढरी पाच दाबली, जुळेना. अर्धा सूर खाली काळी तीन, जुळेना. अजून अर्धा खाली, पांढरी चार दाबली आणि फोनमधला माझाच आवाज तिच्यावर अलगद बसला.

कीबोर्डवर बोटं त्याच जागी ठेवून बटणाने सूर खाली आणता येतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही आणि कानाला सावकाश सवय होते. खालची पट्टी कोणाला सोयीची? जाड आवाजाला. सगळं जुळत होतं.

मिस्टर दार उघडून उभे राहिले. "हे काय, भर दुपारी पेटी?"

मी सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "अगं, विचार ना त्याला सरळ."

मी विचारलं. पुढच्या शनिवारी, सगळ्यांसमोर, अगदी सहज आवाजात. "आपण हे कुठल्या पट्टीत गातोय रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "तीच, ताई. पांढरी पाच."

गिटारवाल्याने मान खाली घातली. ती मुलगी काहीतरी बोलणार होती, पण कीबोर्डवाल्याने एक सूर लांब धरून ठेवला आणि ती गप्प बसली. मी ज्याला सा ओळखायला शिकवलं, तो मला तोंडावर सुराबद्दल खोटं सांगत होता.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी मुलं हातात झावळ्या घेऊन चर्चभर फिरतात आणि सुरुवातीचं गीत जोरात व्हावं लागतं. उपासनेआधी आम्ही सगळे पाळकांच्या खोलीत प्रार्थनेला जातो. मी चष्मा राहिल्याचं सांगून मागे थांबले. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर उणे दोन असा आकडा होता. मी बटण दोनदा दाबलं. शून्य. मग चष्मा लावून प्रार्थनेला गेले. त्या प्रार्थनेत मी देवाकडे काय मागितलं, ते आठवत नाही. कीबोर्डवाल्याची चोरी उघडी पडेल, वरच्या सुरात ती मुलगी अडखळेल, आणि काय चाललं होतं ते सगळ्या मंडळीला ऐकू येईल, एवढंच डोक्यात होतं.

गीत सुरू झालं. पहिल्याच सुराला कीबोर्डवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गिटारवाल्याने एक झणकार दिला, तो बेसूर लागला, आणि त्याने तारांवर हात ठेवला. मी माइक जवळ घेतला. पहिल्या दोन ओळी ठीक गेल्या. तिसरी ओळ वर जाते. मी ती आयुष्यभर गात आले आहे. श्वास घेतला, वर गेले आणि आवाज आलाच नाही. चिरकला असता तर तेवढं तरी ऐकू आलं असतं. नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. मुलं झावळ्या हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

तेवढ्यात शेजारून ती मुलगी गायला लागली. वर गेलीच नाही. तीच ओळ तिने खालच्या सप्तकात घेतली, भरदार, घाई न करता. ढोलकी तिच्या मागे गेली. मंडळीने उचललं. मुलं चालायला लागली. मी माइक स्टँडला लावला आणि ओठ हलवत उभी राहिले.

उपासना संपल्यावर मी मागच्या आवारात नळाशी गेले. तोंडावर पाणी मारत होते, तेव्हा कीबोर्डवाला आला. त्याच्या मागे थोड्या अंतरावर ती मुलगी.

"ताई, शून्यावर तुम्ही आणलंत?"

"हो. तू उतरवली होतीस ना? कधीपासून?"

"नाताळच्या सरावापासून." तो जमिनीकडे बघत होता. "वरच्या सुराला तुम्ही थांबत होतात. सर्दी आहे म्हणालात. मी अर्धा सूर खाली घेतला, तुम्ही बिनघोर गायलात. मग सर्दी गेली तरी तेच. मग अजून अर्धा घेतला."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी, ताई?"

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"पाळकांना?"

"ते म्हणाले, ईस्टर होऊ दे, मग आपण हळूच बोलू."

"आणि तो दुसरा ग्रुप?"

"पट्टी कळवायला. तुमच्यासमोर लिहिता येत नव्हतं ना."

तेव्हा ती मुलगी पुढे आली. "बाई, मी पयल्यापासून सांगत होते यांना, बाईंना सांगा. हे नको म्हणायचे. आमच्याकडं म्हातारं माणूस गाऊन थकलं ना, तर सरळ सांगत्यात, आज तू बस, आज तू ऐक. त्यात काय हाय?"

जिच्यावर मी सगळ्यात जास्त डूख धरला होता, ती एकटीच मला खरं सांगा म्हणत होती.

तरीही मला सुटल्यासारखं वाटलं नाही, हे मला लिहायला हवं. घरी येताना रिक्षात मी रडले, आणि ते रागाचं रडू होतं. माझ्या पाठीमागे कुजबुज होत होती, हे मी बरोबर ओळखलं होतं. ग्रुप होता. खोटं होतं. पाळकांचं 'हळूच बोलू' होतं. आता मागचे सगळे रविवार मला पुन्हा तपासावेसे वाटायला लागले. नाताळला कोणी म्हणालं होतं, ताई, आज अंगावर काटा आला. ते खरं होतं? वरच्या ओळींना माझा आवाज इतका मोठा कसा वाटायचा? मग लक्षात आलं, तिचा माइक माझ्या शेजारी का आणून ठेवला होता ते. माझ्या आवाजाखाली तिचा भरायला.

ईस्टरला मी गेले, पण मागच्या बाकावर बसले. गाणी आजवर मी कधी तिथून ऐकली नव्हती. ढोलकी फार पुढे होती, मधले आवाज ऐकूच येत नव्हते, आणि सगळे ओळीचा शेवट गिळत होते. मला इतका राग आला की उठून पुढे जावंसं वाटलं. इतकी वर्षं पुढे उभी राहून मी काय ऐकत होते?

कॅनडा कॉर्नरजवळच्या घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर मला माझ्याच स्वरतंतूंचं चित्र दाखवलं. सूज आहे म्हणाल्या. वय आहे, वर्गातलं ओरडणं आहे. काही महिने गाणं बंद, बोलणंही कमी. "पुन्हा वर जाईल का?" मी विचारलं. "थोडा सुधारेल," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांचा चेहरा न्याहाळत राहिले, मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की काय.

मग मी पाळकांकडे गेले. कमी बोलायचं होतं, म्हणून दोनच वाक्यं तयार करून गेले. "मी गाणार नाही. पण सराव माझा, आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही."

"आम्हालाही तेच हवं होतं, ताई," ते म्हणाले. हवं होतं तर बोलला का नाहीत, हे विचारायला माझ्याकडे आवाज शिल्लक नव्हता.

त्यानंतरचे शनिवार वेगळे झाले. मी मागच्या बाकावर बसायचे आणि चुकलं की पेन्सिलने बाकावर टकटक करायचे. ढोलकीवाला पहिल्या दिवशी रुसला. कीबोर्डवाला मला आता सगळंच सांगायला लागला, नको तेही, मुलाच्या गणिताच्या मार्कांपर्यंत. त्या मुलीला मी ओळीचा शेवट धरायला शिकवलं. तिला काही सांगितलं की ती वाद घालायची, मग तेच करून दाखवायची. कधी ती आपल्या गावाकडच्या चालीत एखादं कडवं घ्यायची आणि मला ती चाल धरता यायची नाही. मग ती मला हसून शिकवायची.

पावसाळ्यात तिने पहिल्यांदा पूर्ण उपासना एकटीने घेतली. नंतर चहाच्या रांगेत लोक तिला छान, छान म्हणत होते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काय वाटलं?"

"दुसऱ्या गाण्यात मी घसरले, बाई."

"घसरलीस."

"लई?"

"बरीच."

ती खूश झाली. हातातलं बिस्किट मोडून अर्धं मला दिलं.

तेवढ्यात कीबोर्डवाला आला. हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत म्हणाला, "ताई, नाताळला एक गीत तुम्ही घ्या. पांढरी दोनमध्ये, अगदी खाली. सगळ्यांना सांगून, उघड."

मी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. कीव होती की इच्छा, कळेना. त्याने नजर चुकवली नाही, हे खरं. पण माणूस सवयीने तेही शिकतो.

"विचार करून सांगते," मी म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.