पारखून घेतलेली दुर्बीण

थळच्या सत्यवती म्हात्रेला मासळी विकायचं म्हणजे कोळणींना वैताग यायचा. ती प्रत्येक सुरमईचा कल्ला उचलून बघणार, पोट दाबणार आणि वर विचारणार, "कालची तर न्हाय ना?" सख्ख्या जावेनं वाडीतले नारळ पाठवले तरी ती एकेक कानाशी धरून हलवायची. कोणी कधी मोठं फसवलं होतं अशातला भाग नाही, स्वभावच तसा. नवरा चांगदेव ट्रक चालवायचा आणि घरी आला की तिच्या चौकशांना शांतपणे उत्तरं द्यायचा.

करोनाच्या आदल्या दिवाळीत अलिबागच्या किनाऱ्यावर आकाश दाखवायचा कार्यक्रम होता. कॉलेजात शिकवणारी मृणाली नावाची तरुण बाई रांगेतल्या माणसांना दुर्बिणीतून शनी दाखवत होती. सत्यवतीनं डोळा लावला. काळ्या गोलात पिवळसर गोटी, भोवती सुबक कडं. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं. फारच चित्रासारखं.

परतताना ती चांगदेवला म्हणाली, "आत कागद चिकटवलेला हाय."

"कशाला चिकटवतील? पैसे तर घेतले न्हायत."

"तेच तर. फुकट कोण दाखवतो?"

ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. मारुतीच्या देवळात शनिवारी तेल घालतानाही तिला तो कागद आठवायचा. मुलगी अमिषा लग्न होऊन पनवेलला गेली, ट्रक विकला, चांगदेव घरी बसला, आणि सहाएक वर्षांनी एका सकाळी सत्यवतीनं जाहीर केलं, "दुर्बीण घ्यायची. आपली सोताची. म्हंजे आत काय हाय ते मना माहीत असेल."

अलिबागला शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणारं एक दुकान होतं. दुकानदारानं आधी एक रंगीत खोका काढला. वर छापलं होतं, पाचशे पट मोठं. सत्यवतीनं दुर्बीण स्टँडवर चढवायला लावली आणि बोट लावलं. सगळी थरथरली.

"पाचशे पट खरंच दिसतं?"

"एवढ्याशा काचेत पाचशे पटीला नुसता धूर दिसतो, काकी. पन्नास-साठ पट पुरे. खोक्यावर छापायला काय जातं!"

सत्यवती चांगदेवच्या कानाशी लागली. "हा खरं का बोलतोय?"

मग त्यानं लांब पांढऱ्या नळीची दुसरी काढली. पुढे सत्तर मिलिमीटरचं भिंग. आत मोठा आरसा नाही, त्यामुळे जुळवाजुळव कमी. संध्याकाळी तारे बघा, दिवसा खाडी-डोंगर बघा, नवख्या माणसाला हीच बरी, असं तो म्हणाला. सत्यवतीनं भिंग उजेडाकडे धरून ओरखडे शोधले. एकही सापडला नाही, म्हणून ती आणखी सावध झाली.

"किनाऱ्यावर बघून घेणार."

दुकानदारानं शटर अर्धं ओढलं आणि तिघं निघाले. ओहोटी होती. तिनं चांगदेवला कुलाबा किल्ल्याच्या दिशेनं पार लांब पिटाळलं आणि फोनवर सांगितलं, "उजवा हात वर करा."

दुर्बिणीत चांगदेवनं डावा हात वर केला.

"उजवा म्हटलं मी!"

"उजवाच केलाय गं!"

ती दुकानदाराकडे वळली. त्यानं मान खाली घातली. डोळ्याकडच्या बाजूला आरशाचा तुकडा होता, त्यानं डावं-उजवं फिरत होतं. "आकाशात चालून जातं," तो पुटपुटला आणि पिशवीतून सरळ दाखवणारं प्रिझम काढून बसवलं. आता चांगदेवचा उजवा हात उजवाच दिसत होता आणि शर्टाचं तुटलेलं बटणही दिसत होतं. दुर्बीण घरी आली.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी अंधार पडताच तिनं गच्चीवर स्टँड लावला. आधी खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ बघितला; स्वच्छ दिसला. मग अमिषानं फोनवर शनी कुठला ते समजावलं. पिवळी गोटी सापडली. पण कडं नव्हतं! गोटीतून आरपार सुई खुपसावी तशी एक रेघ, बस.

"बघा! कागदच होता," ती म्हणाली. आवाजात राग होता आणि थोडा आनंदही.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजात मृणालीला गाठलं. "त्या वेळी आत काय चिकटवलं होतंस?"

मृणाली हसली नाही. तिनं सत्यवतीच्या हातातली बांगडी मागून घेतली आणि समोर धरली. "ही गोल दिसते ना? आता बघा," म्हणत तिनं ती आडवी केली. नुसती रेघ उरली. "शनीचं कडं सध्या आपल्याला असं कडेवरून दिसतंय. दर पंधराएक वर्षांनी तसं होतंच. पुढच्या दिवाळीत थोडं उघडलेलं दिसेल."

"म्हंजे तोवर मी इसरेन, असंच ना?" सत्यवतीनं बांगडी परत घेतली, उलटसुलट बघितली आणि हातात घातली.

ती विसरली नाही. शनी दिसेनासा झाला तशी दिवसा खांदेरी-उंदेरी, होड्या, बगळे बघायला लागली. तेव्हा शेजारच्या आवडाबाईनं आपल्या खिडकीवर जुनं लुगडं बांधलं. "हिची नळी सारखी आमच्याकडंच असते," असं ती पाणवठ्यावर बोलली होती. सत्यवतीला ते फार लागलं. दोन घास कमी जेवली. "मी कोणाच्या घरात कशाला बघू?" ती चांगदेवला विचारत राहिली.

शेवटी तिनं आवडाबाईला गच्चीवर बोलावलं आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली. आवडाबाईनं नळी समुद्राकडे, आपल्या मुलाच्या होडीकडे फिरवली. बऱ्याच वेळानं ती बोलली, "आमचा कान्हा जालं ओढतोय. त्यानं टोपी घातली न्हाय गं." खिडकीवरचं लुगडं मग कधी निघालं, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पावसाळा सरला, दिवाळी आली. सत्यवतीनं शनी धरला. रेघ आता रेघ नव्हती. गोटीच्या दोन्ही बाजूंना बारीक काळी फट दिसत होती. तिनं भिंग पुसून बघितलं. दुसऱ्या संध्याकाळी आधी काही न सांगता चांगदेवला बघायला लावलं आणि काय दिसतं ते विचारलं. त्यानंही फटच सांगितली.

तिनं मृणालीला फोन लावला. "कडं उघडलंय. थोडंसंच."

"अरे वा! बघितलंत?"

"मी तुझ्यावर उगाच आळ घेतला."

मृणाली म्हणाली, "शनिवारी रेवदंड्याला कार्यक्रम आहे. दुर्बीण घेऊन या, आम्हाला माणसं कमी पडतात."

फोन ठेवल्यावर सत्यवती बराच वेळ विचार करत बसली. "ही मना का बोलवत असंल?" तिनं विचारलं. चांगदेव स्टँड बांधायला दोरी शोधत होता.

शनिवारी दोघं गेले. रांग मोठी होती. चौलच्या एका म्हातारीला वाकता येईना, म्हणून सत्यवतीनं स्टँडचे पाय बसके केले, नळी शनीवर आणली आणि म्हातारी बघेपर्यंत तिच्या पाठीला हात लावून उभी राहिली.