राजीखुशीची हक्कसोड

नवरा जाऊन महिना झाला नाही तोच पोराने हक्कसोडीचा विषय काढला. घर नवऱ्याच्या नावावर होतं. कायद्याने त्याचे तीन वाटे: एक माझा, एक पोराचा, एक पोरीचा. मी आणि पोरीने आपापला वाटा लिहून सोडायचा, म्हणजे सगळं घर पोराचं. मग ते विकून तो पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेणार होता. मला तिथे हॉलमध्ये दिवाण मिळणार होता. हे त्याने दानधर्म केल्यासारखं सांगितलं.

घर अंबडच्या औद्योगिक वसाहतीमागे आहे. नवरा तिथल्या कारखान्यात होता. मीही तिथेच एका शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून बोल्ट निवडत होते. भिंती उठल्या त्याच्या पगारातून, स्लॅब झाला माझ्या. गवंडी गेला की भिंतींवर पाणी मी मारायचे, कारण पुरुष ड्यूटीवरून थकून येतो. मी काय जत्रेतून यायचे? पण कागदावर माझंही नाव घालावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याच्याही नाही. माणूस चांगला होता म्हणतात. असेल.

पोराने एजंट आणला. चपला न काढता तो आत शिरला, भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, "मावशी, घर मजबूत आहे. पण गल्ली..."

गल्लीला काय झालं, मी विचारलं.

"गिऱ्हाईक आधी शेजार विचारतं."

आमची गल्ली बौद्धांची. रस्त्यापलीकडेही एवढंच मोठं घर, हीच गटार, हाच दिवसाआडचा नळ, पण तिथला भाव वेगळा. एजंट भाव पाडत होता आणि पोरगा मान डोलावत होता. तिथे त्याला तोंड फुटलं नाही. माझा वाटा मागताना बरं फुटलं. म्हणजे जातीमुळे घर स्वस्त, आणि त्यातला माझा वाटा मी बाई म्हणून फुकट. तिथल्या एखाद्या म्हातारीच्या घराला चांगला भाव येईल, पण तिचं तरी नाव कागदावर आहे का, मला शंका आहे.

पोरगी सटाण्याला दिली आहे. ती आली ती सही करायला तयार होऊनच. रीतच आहे, बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची. सुनेने साडी आणून ठेवली होती, पहिल्याच धुण्यात रंग सोडणारी. मी पोरीला विचारलं, तू का सोडतेस?

"भाऊ तुटला तर मी कोणाच्या दारात येऊ?"

"माझ्या."

"तू किती दिवस पुरशील, आई?"

खरं बोलली. राग त्याचाच आला.

रजिस्ट्रीला गेलो. पोराने लावलेल्या वकिलाने बाहेरच्या बाकावर पढवलं: सही साहेबांसमोर करायची, साहेब विचारतील राजीखुशीने देताय का, तेव्हा हो म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. पोरगा त्याला म्हणाला, आईची शाळा चौथीपर्यंत झालीय, पण तिची सही होईपर्यंत ऑफिसची जेवणाची सुट्टी होईल. वकील हसला. पोरगीही हसली.

आमच्या पुढे तीन बहिणी होत्या, एकाच भावाच्या. साहेबाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिघीही हो म्हणून मोकळ्या झाल्या. साहेब वरसुद्धा बघत नव्हता. मग आमची पोरगी. तीही तशीच. मग मी.

"आजी, राजीखुशीने देताय ना?"

"नाही."

त्याने मान वर केली. "कोणाचा दबाव आहे का?"

"दबाव नाही. खुशीही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

पोरगा मध्ये पडला, म्हणाला तिला ऐकायला कमी येतं. मी म्हटलं, साहेब, मोठ्याने पुन्हा विचारा. त्याने विचारलं नाही. आम्हा दोघींचा मिळून एकच दस्त होता, तो अख्खा परत केला आणि मागच्यांना पुढे बोलावलं.

बाहेर पोरगी रडली. तिचं माहेर मी मोडलं म्हणाली. पोरगा गाडीला किक मारून गेला. आम्ही दोघी रिक्षाने आलो, तोंडं दोन बाजूंना करून.

तेव्हापासून पोरगा आणि सून वरच्या खोलीत वेगळं शिजवतात. जिन्यात समोर आला की तो भिंतीकडे बघतो. एकदाच बोलला.

"तू गेल्यावर माझंच होणार आहे ना?"

"मग बस वाट बघत," मी म्हटलं.

पोरगी मे महिन्यात आली नाही. साडी कपाटात तशीच पडली आहे, सुनेनेही ती परत घेतली नाही. परवा दुपारी पोरीचा फोन आला. आधी माझे गुडघे विचारले, मग तिकडचा कांदा काढून झाला ते सांगितलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "आई, तो कागद झाला नाही म्हणजे माझा वाटा अजून आहे ना गं?"

"आहे."

  मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, तशी तिने फोन ठेवला.