अर्ध्या तिकिटात अख्खा दिवस

शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होते. तेवढ्यात शेजारची रेखा दारात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, आमच्या आत्याबाई गेल्या." रेखा म्हणजे सुमनकाकूंची सून. दुपारी जरा पडते म्हणून आडव्या झालेल्या काकू उठल्याच नाहीत. रविवारी सकाळच्या गाडीने आम्हा गल्लीतल्या बायकांना घेऊन त्या मुळा धरणावर निघणार होत्या... चटणी तशीच खलात राहिली.

मातीला जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, "लई फिरायची, म्हनून गेली." महिना झाला, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरात बसून बसून किती बायका मेल्या, त्यांच्याबद्दल कुणी कधी म्हणालं का, लई बसायची म्हणून गेली?

आमच्या देवळाली प्रवरा गावात बाईला दिवसभर बाहेर पडायचं तर देवाचं नाव पुढं करावं लागतं. शिर्डी म्हणा, शिंगणापूर म्हणा, कुणी अडवत नाही. फिरायला म्हणा, की लगेच घरातली कामं निघतात. काकूंना हेच मान्य नव्हतं. एकदा ओट्यावर गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या, "सारा जल्म ह्याच जिल्ह्यात गेला. पाह्यलं काय? माहेर, सासर आन् दवाखाना." पुढं एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि साठी उलटलेल्या काकूंना पंख फुटले. "अर्ध्या तिकिटात अख्खा दिवस," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. "भाकरी घरची, नगरला उतरल्यावर भेळभत्ता, आन् वारा फुकट. आजून काय पायजे?"

पहिल्यांदा चांदबिबी महालावर जायचं ठरलं. निघताना ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी विचारलं, "कंच्या देवाला?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "देवाला न्हाई आप्पा, फिराया चाललोय. देव वाटंत लागला तर पाया पडू, पर त्येच्या नावावर न्हाई जायचं." आप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. मी पदर दाताखाली दाबून कसंबसं हसू आवरलं.

नगरहून पाथर्डीच्या गाडीने डोंगराखाली उतरलो आणि चढायला लागलो. काकूंच्या डोक्यावर वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, स्वतः शिवलेली. ती त्या कुणाच्या हातात देत नसत. वर पोचलं की सावली बघून अंथरायची आणि एकच नियम, वाकळीवर बसून घरची गाऱ्हाणी काढायची नाहीत. काढली की काकू त्या बाईला उठवून दगडावर बसवत. पहिल्या दिवशी मीच अर्धा तास दगडावर होते. पुढं डोंगरगणला गेलो तेव्हा त्या नेसत्या लुगड्यानिशी धबधब्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडचे बाप्ये टकामका बघायला लागले, तर म्हणाल्या, "बघू द्या. बायाबी भिजत्यात, कळू द्या त्येंला." येताना आम्ही सगळ्या जणी ओल्या लुगड्यांनी एसटीत बसलो, कंडक्टर कुरकुरला, पण आमचं हसणं काही थांबेना.

दर खेपेला निघताना काकू हाक मारत, "रेखा, चल." रेखा नवऱ्याकडे बघे. तो म्हणे, "दोघी गेल्यावर भाकरीचं कसं?" काकू पोटच्या पोरावर कडाडत, "एक दिस तू थाप की!" पण रेखाचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. काकूंना बाकी कशाची खंत नव्हती, एवढी एकच होती.

दहाव्याला काकूंचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं. तेराव्यानंतर आप्पा म्हणाले, "आता बंद करा त्ये फिरनं. वरीसभर तरी." सगळ्या जणींनी माना डोलावल्या, मीही. मग मला राग यायला लागला. काकूंची आठवण मला रडवत नाही, चिडवते. ज्या बाईने आम्हाला घराबाहेर काढलं, तिच्या नावाने आम्ही घरात बसायचं? मी दारोदार जाऊन सांगितलं, रविवारी धरणावर जायचं.

परवाच्या रविवारी मी डबा घेऊन निघाले. आप्पांनी ओसरीवरून विचारलंच, "कंच्या देवाला?"

"देवाला न्हाई आप्पा, फिराया." म्हटलं आणि चपला पायात सरकवल्या.

स्टँडवर सगळ्या आल्या होत्या. गाडी लागली तेवढ्यात लांबून रेखा येताना दिसली... डोक्यावर वाकळ. सगळं अंथरूण दिलं गेलं, तेव्हा एवढी एक तिने धान्याच्या कोठीमागे दडवून ठेवली होती.

"घरी काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, आज भाकरी तुमी थापा."

धरणाच्या काठावर बाभळीखाली आम्ही वाकळ अंथरली. रेखाने मांडी घातली, पाण्याकडे बघितलं, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. आम्ही तिला उठवून दगडावर बसवलं.