टँकरच्या पाण्याचं उद्घाटन

गेवराईजवळच्या आमच्या सरकी तेलाच्या कंपनीत मी हिशेब बघतो. घाबरट म्हणून माझी ख्याती आहे आणि मला तिचा अभिमान आहे! नुकसानीची नुसती शंका आली तरी मी ते लिहून मोकळा होतो. फायदा मात्र हातात पडेपर्यंत त्याचं नाव काढत नाही. मालक म्हणायचे, तुमी सोताच्या लग्नात बी अक्षता पडूस्तर नवरदेव म्हणून उभे राहिला नसताल.

एका वर्षी कंपनीनं सामाजिक जबाबदारी म्हणून शेजारच्या गावच्या शाळेला पाण्याची टाकी दिली. मंडप, हार, फीत, फोटो. मालकांनी नळ फिरवला, धो धो पाणी आलं, टाळ्या झाल्या, पाहुणे जेवायला गेले. मी गावातल्या बायकांना हंडे लावायला सांगितलं आणि खुर्ची टाकून नळासमोर बसलो. सातआठ हंडे भरले असतील, नळ खोकला, फुसफुसला आणि गप्प झाला.

शाळेच्या मोठ्या बाई शेजारी येऊन सांगू लागल्या. टाकी सकाळीच टँकरनं भरली होती. बोअर घ्यायचा राहूनच गेला होता. मधल्या सुट्टीत पोरी पाणी प्यायला घरी जायच्या, त्यातल्या कितीतरी परत यायच्याच नाहीत.

"तुमच्या अहवालात एकदा 'पूर्ण' छापलं," बाई म्हणाल्या, "की इकडं कोण येतंय, साहेब?"

कंपनीच्या वार्षिक अहवालात मी लिहिलं: टाकी बसवली, पाणी नाही, काम अपूर्ण. मालकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. लई दुखावले. हिशेबाचा नियम दानाला कशापायी, म्हणाले. मी म्हणालो, दान पोचल्याशिवाय धरता येत नाही.

"म्हंजे आता पुण्याचं बी ऑडिट?"

"पुण्याचं आधी, मालक. फुगवटा तिथंच जास्त."

भागधारकांत मालकांचे व्याही होते. वार्षिक सभेत व्याह्यासमोर 'अपूर्ण' वाचलं जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. अहवाल छपाईला जायच्या आत बोअरची गाडी शाळेत हजर! पाणीही लागलं.

मालकांनी हौसेनं दुसरं उद्घाटन मांडलं, नेमकं मधल्या सुट्टीत. पोरी नळाला चिकटल्या. बाईंनी फीत गुंडाळून बाजूला ठेवली. मालक हार घालून, कात्री धरून उन्हात उभे.

"आता तरी लिवा की पूर्ण," ते कुजबुजले.

मी घंटेची वाट बघत होतो. घंटा झाली. पोरी तोंडं पुसत वर्गात गेल्या. एकही घराकडं वळली नाही. मग मी पेन काढलं.