एनेलेसीच्या वाटेवरच्या गाठी

माझी सासू एनेलेसी प्रश्न विचारते तेव्हा समोर बघत नाही. हात मका सोलत असतात, आणि प्रश्न दाण्यासारखा सुपात पडतो. आधी वाटतं, ती स्वतःशीच बोलतेय. मग कळतं की आपण अडकलो.

मी या नांगोमा गावचा जावई. इकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि पुरुष बायकोच्या गावी नांदायला येतो. मीही एक सायकल आणि एक फोन घेऊन झोंबा शहरातून असाच आलो. सासू-जावयानं एकमेकांच्या हातात वस्तू द्यायची नाही, ही चाल आमच्या घरात अजून पाळतात. मी वस्तू जमिनीवर ठेवतो, मागे सरतो, मग ती उचलते.

मे महिन्यात, मका घरात आल्यावर, मी असाच फोन चटईवर ठेवला. त्यात आमच्या गावाचा नकाशा होता. ज्याला जी वाट, जी विहीर ठाऊक असेल ती त्यानं त्यात काढावी, मग तो कुणीही असो, असा तो नकाशा. फोन खिशात घालून चालायचं. चालता चालता रेघ आपोआप नकाशात उमटत जाते.

एनेलेसीनं फोन उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हा बाटलीसारखा शिक्का कसला?"

"दारूचा गुत्ता."

"अकरा आहेत. हा चेंडू?"

"फुटबॉलचं मैदान."

"आणि गिरणी?"

नकाशात गिरणी नव्हती. दवाखाना होता, पण त्याला वाट नव्हती. माळावर कुणी विसरून गेल्यासारखा तो एकटा उभा होता.

"हे काढतं कोण, जावईबापू?"

"लोक."

"कुठले लोक?"

"सगळेच. कुणालाही काढता येतं."

"सगळ्यांची नावं सांगा बघू."

मी सोळा नावं सांगितली. बाजारातला रॉड्रिक मेकॅनिक, त्याचे दोस्त, सायकलवाले, मी. तिनं प्रत्येक नावाला एक दाणा बाजूला ठेवला. सोळा दाणे झाल्यावर ती हसायला लागली, पदर लावावा तसं कमरेच्या कापडाचं, चितेंजेचं, टोक तोंडाला लावून.

"अगं तडाला, ऐकलंस का? यात बाई तर एक नाहीच, पण गावात जन्मलेलाही एक नाही! सगळे जावई. आमच्या घराचं चित्र पाहुण्यांनी काढलंय."

तडाला, माझी बायको, आतून म्हणाली, "म्हणूनच दारू तेवढी बरोबर सापडली."

मीही हसलो, पण ते हसू पुरं होईना. कारण त्या नकाशावर एक गोष्ट ठरणार होती. लिसुवा ओढ्यावर पायपूल व्हायचा होता. एकच. पुलाचे लोक ऑगस्टमध्ये येणार होते, आणि नकाशात माणसं जिथून ओढा ओलांडतात तिथं तो बांधणार होते. नकाशात ओढा एकाच जागी ओलांडला जात होता, बाजारामागे, रॉड्रिकच्या गॅरेजपाशी. बायका मात्र तिथून तासभर वर, दोन मोठ्या दगडांवरून ओलांडायच्या. गिरणी आणि दवाखाना तिकडेच. तडालाला जानेवारीत बाळ होणार होतं, आणि जानेवारीत लिसुवा त्या दगडांच्या डोक्यावरून वाहतो. गेल्या जानेवारीत तिची मैत्रीण तीन दिवस अलीकडच्या काठावर बसून होती, आणि तिथंच बाळंत झाली. बाळ वाचलं. त्या तीन दिवसांचं ती अजून बोलत नाही.

एनेलेसीनं मला काही सांगितलं नाही. तडालाचा फोन घेतला, नकाशात काढणाऱ्याचं नवं नाव उघडून घेतलं, "दोन दगड" असं. आता प्रश्न फोन ठेवायचा कुठं. चितेंजेला खिसा नसतो. कमरेच्या गाठीत बांधला तर तो सटकायचा. शेवटी तिनं तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, पाटीतल्या मक्यात पुरला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि निघाली. गिरणी, दवाखाना, परत.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आणि रॉड्रिकला दिसली ती फक्त रेघ. त्याच्या गॅरेजात फोन चार्जिंगला लावून आम्ही नकाशा तपासत होतो.

"हा दोन दगड कोण रे?" रॉड्रिक म्हणाला. "त्याची रेघ बघ. ओढ्यापाशी येतो आणि वीस मिनिटं जागच्या जागी घुटमळतो. आंब्यापाशी पुन्हा तेच. ही वाट आहे की दोऱ्याचा गुंता?"

"पिऊन चालला असेल," मी म्हणालो.

"नाहीतर फोन बिघडलाय. पुस."

मी पुसली. माझ्याच बोटानं.

दुसऱ्या संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या न्सिमाचं ताट माझ्यापुढे ठेवून तडाला बाजूला झाली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "जावईबापू, काल माझी वाट होती. आज नाही. वाट कुठं जाते?"

 मी खरं तेच सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण तिकडून नुसतं नवल आलं.

"गुंता म्हणालात? बिघडलाय म्हणालात? मी तिथं काय करत होते, हे विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं पुरुष आहे."

"मग पुरुषालाच विचारायचं."

 ती तिथं काय करते ते बघायला सकाळी मी तिच्या मागोमाग निघालो. जावयानं ठेवावं तेवढं अंतर ठेवून, आणि डोक्यावर भरलेली पाटी घेऊन. पाटीची अट तिची होती. वाटेत बायका थांबून बघत होत्या.

"एनेलेसी, नवी सून आणलीस की काय?"

"शिकाऊ आहे. मान अजून कच्ची आहे."

ओढ्याशी पोचलो. दगड ओले, शेवाळलेले. डोक्यावर ओझं घेऊन तिथं पाय टाकता येत नाही. पाटी उतरवावी लागते, दोन्ही हातांनी पोटाशी धरून दगडांवरून न्यावी लागते. पलीकडे मी ती ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घ्यायला गेलो. गुडघ्यापर्यंत आली. छातीपर्यंत आली. पुढे येईना. मका सांडायला लागला.

एनेलेसी दूर खडकावर बसून ओढ्याकडे बघत होती.

"जरा हात लावता का, आई?"

"मी सासू. तुमच्या हातातलं कसं घेऊ?"

"मग आता?"

"मग बसा. कुणीतरी बाई येईल. भरली पाटी एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही. एक जण येईपर्यंत थांबायचं. ती येते, हात लावते. मग तिच्या पाटीला आपण."

मी बसलो. पाणी वाहत होतं. मुलांजे डोंगरावरचा ढग खाली उतरला आणि पुन्हा वर गेला. बऱ्याच वेळानं एक म्हातारी आली, हसत हसत हात लावून गेली. फोन काढून बघितला. वीस नाही, सव्वीस मिनिटं. रेघेत तोच गुंता, माझ्या पायांनी विणलेला.

आंब्याखाली विसाव्याला पाटी उतरवली, तिथंही तसंच. दवाखान्याच्या चढाखालीही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर बाजारात मी रॉड्रिकला ते दाखवलं. तो आधी हसला.  मग म्हणाला, "माझी बायको रोज इतका उशीर कुठं करते, म्हणून मी भांडतो रे." त्यानं स्वतः एनेलेसीची रेघ परत आणली.

पण एक रेघ म्हणजे एका बाईचा हट्ट, असं कुणी म्हणेल, हे एनेलेसीला ठाऊक होतं. गावातल्या बायकांकडे मिळून तीन फोन. ते तीन फोन जून-जुलैभर एका पाटीतून दुसऱ्या पाटीत फिरले, मक्यात, रताळ्यांत, एकदा चुकून पिठात. रॉड्रिकनं पिठातला फोन फुकट साफ करून दिला. नकाशावर ती वाट दोरखंडासारखी जाड झाली आणि तिच्यावर तीन गाठी पक्क्या बसल्या.

ऑगस्टमध्ये पुलाचा माणूस आला. नकाशा बघून म्हणाला, "इथं इतके लोक थांबतात कशाला? बाजार भरतो का?"

एनेलेसीनं त्याच्यापुढे भरली पाटी ठेवली. "उचला."

पूल दोन दगडांपाशी ठरला. तरी ती त्याला सोडीना.

"दोन्ही टोकांना माझ्या खांद्याइतका ओटा बांधा. पाटी त्याच्यावर सरकवायची आणि खाली डोकं घालून उचलायची. मग एकटीलाही जमेल."

"मावशी, असा ओटा आमच्या चित्रात नाही."

"तुमचं चित्र कुणी काढलं?"

त्यानं कागदाच्या कडेला ओटा काढून घेतला.

डिसेंबरात पूल झाला. नकाशात ओट्याला लावायला शिक्का मिळेना. बाटलीला आहे, चेंडूला आहे, ओझं टेकायच्या जागेला नाही. शिक्के कुणी ठरवले, आणि त्यांत बायका किती, हे एनेलेसीला जाणून घ्यायचंय. नकाशावाल्यांना पत्र मी लिहितोय, मजकूर सांगतेय ती.

जानेवारीत लिसुवा भरून तांबडा वाहत होता, तेव्हा कळा सुरू झाल्यावर तडाला पुलावरून पलीकडे गेली. मी शेतावर होतो. घरी येऊन नकाशा उघडला, तिची रेघ सरकत होती. पूल ओलांडल्यावर ती ओट्यापाशी थांबली. एक मिनिट, पाच, अकरा. ओट्याला टेकून कळ सोसत असणार; छोटीशी गाठ पडली. मग रेघ उठली आणि सरळ दवाखान्याच्या दारात गेली. बाळ दवाखान्यात जन्मलं.

ती गाठ नकाशात अजून तिथंच आहे.